पुण्यातील एक वर्षाचा पशुवैद्यकीय सहायक अभ्यासक्रम : दवाखान्याच्या बाजूने परीक्षण

गेली तेवीस वर्षे मी कोथरूडमध्ये लहान प्राण्यांचा दवाखाना चालवते आहे आणि त्याआधी काही वर्षे शिरूर तालुक्यात गायी-म्हशींवर उपचार करत होते. या काळात यंत्रे हळूहळू येत गेली, औषधे सुधारली, प्राणी पाळणारेही अधिक जागरूक झाले. मात्र हाताखाली शिकलेला सहायक मिळणे काही सोपे झाले नाही. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत जो मुलगा झाडलोट करायला येतो तोच वर्ष-दोन वर्षांत कुत्रा धरायला, मग सलाईन लावायला आणि पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी शेजारी उभे राहायला शिकतो, आणि लोक त्याला कंपाउंडर म्हणू लागतात. यातली काही मुले फार तयार होतात, पण जे हाताला येते ते का करायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून गेल्या वर्षी पुण्यातल्या एका संस्थेच्या एक वर्षाच्या पशुवैद्यकीय सहायक अभ्यासक्रमाला मी आमच्या सहायकाला पाठवले, त्याचे शुल्क दवाखान्यातून भरले आणि विद्यार्थी जिथे नोकरी करतात त्या डॉक्टरांना शनिवारच्या प्रात्यक्षिकांना बसू देण्याची तिथे पद्धत असल्यामुळे चौदा शनिवार स्वतः जाऊन बसले. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही गंभीर तक्रारी लिहायच्या आहेत आणि त्या मी संस्थेला लेखी कळवून उत्तराची वाट पाहते आहे.

अभ्यासक्रम जुलैमध्ये सुरू होतो. सोमवार ते गुरुवार संध्याकाळी दोन तास वर्ग, शनिवारी सकाळी ८ ते १ प्रात्यक्षिक आणि शेवटचे तीन महिने एखाद्या दवाखान्यात किंवा गोठ्यावर प्रत्यक्ष काम, अशी त्याची मांडणी आहे. शुल्क ३८,००० रुपये असून ते दोन हप्त्यांत भरता येते. आमच्या सहायकाच्या तुकडीत चोवीस विद्यार्थी होते. त्यांत मुळशी, मावळ आणि दौंडकडची बारावी झालेली मुले होती, आधीपासून दवाखान्यांत काम करणारे चौघे होते आणि भटक्या कुत्र्यांसाठी वर्षानुवर्षे स्वतःच्या खिशातून खर्च करणाऱ्या दोन गृहिणीही होत्या. एवढ्या वेगवेगळ्या तयारीच्या माणसांना एकाच वर्गात शिकवणे अवघड असते आणि पहिल्या सहा महिन्यांत संस्थेने ते फार चांगल्या रीतीने पार पाडले, हे आधी नोंदवते.

परीक्षण कोणत्या कसोटीवर करायचे, हेही सांगायला हवे. अमेरिकेत याच कामाचे शिक्षण अनेक ठिकाणी कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षांचे असते, अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशन त्या अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि बहुतेक राज्यांत राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच पशुवैद्यकीय तंत्रज्ञ म्हणून नोंदणी मिळते. तिथल्या तंत्रज्ञाला रोगनिदान करणे, आजार कसा वळण घेईल याचे भाकीत सांगणे, औषध लिहून देणे आणि शस्त्रक्रिया करणे ही चार कामे करता येत नाहीत. त्यांच्याबाहेरचे विश्व मात्र मोठे आहे: भूल दिलेल्या प्राण्यावर लक्ष ठेवणे, रक्त काढणे आणि तपासणे, क्ष-किरण प्रतिमा घेणे, दात स्वच्छ करणे, घरी घ्यायची काळजी मालकाला समजावणे. आपल्याकडे भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचा असतो. राज्य शासनाने आदेशाने परवानगी दिलेल्या पशुधन पर्यवेक्षकासारख्या प्रमाणपत्रधारकांना पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा किरकोळ सेवा देता येतात. तेव्हा सहायकाचे काम हा डॉक्टरकीचा छोटा तुकडा आहे असे मी मानत नाही. नीट धरणे, नीट पाहणे आणि पाहिलेले अचूक सांगणे हे त्याचे स्वतःचे शास्त्र आहे, आणि ते शिकवले गेले का, एवढेच मी तपासले.

पहिल्या सहा महिन्यांतला जनावर धरण्याचा वर्ग एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक घेतात. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी जिल्ह्यातल्या गोठ्यांत काम केले आहे. त्यांच्या पहिल्या तासाला कोणीही जनावराला हात लावला नाही. चोवीस जणांना त्यांनी गव्हाणीपासून पाच पावले दूर उभे केले, समोर एक संकरित गाय बांधलेली होती, आणि अर्धा तास जे दिसेल ते लिहा एवढेच सांगितले. बहुतेकांनी तिचा रंग, शिंगे, वय असले काहीबाही लिहिले. मग एकेकाला जवळ बोलावून ते विचारू लागले: कुशीकडे बघून मिनिटाला श्वास किती मोजलेस? नाकपुडी ओली होती की कोरडी? रवंथ करताना एका घासाला किती वेळा चावले? शेण पडले तेव्हा ते पसरले की थापीसारखे बसले? कान सारखे हलत होते की एक लटकला होता? त्या तासाला कोणाकडेच उत्तरे नव्हती. तिसऱ्या शनिवारी मी पुन्हा गेले, तेव्हा दौंडच्या एका मुलीने न विचारता सांगितले की या गाईच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून ठेवली तर दोन मिनिटांत कोठीपोटाची, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटाची, हालचाल एकदाच लागते, तीन वेळा लागायला हवी, आणि सकाळची पेंड तशीच पडली आहे. असे सांगणारा माणूस गोठ्यात असेल तर डॉक्टरचा अर्धा वेळ वाचतो.

कुत्र्याच्या पुढच्या पायातून रक्त काढताना धरायचे कसे, हे त्यांनी एका म्हाताऱ्या शांत लॅब्राडॉरवर दाखवले आणि तो तास मला शब्दशः आठवतो. कुत्र्याच्या डाव्या बाजूला उभे राहायचे, डावा हात मानेखालून घेऊन डोके आपल्या खांद्याशी टेकवून ठेवायचे, उजव्या हाताने कोपराच्या मागून पाय पुढे ढकलायचा आणि त्याच हाताचा अंगठा पायावरून आडवा दाबून किंचित बाहेरच्या बाजूला वळवायचा, म्हणजे शीर वर येते आणि सुईखाली घसरत नाही. सुई शिरेत गेली, नळीत रक्त दिसले की धरणाऱ्याने काय करायचे, असे त्यांनी विचारले. चार जण म्हणाले, सोडायचे. ते म्हणाले, “अंगठा सोडायचा, कोपर सोडायचे नाही. कोपर सोडलेस की पाय मागे जाईल आणि डॉक्टरची सुई शिरेतून आरपार.” मग प्रत्येकाकडून त्यांनी हे दहा-दहा वेळा करून घेतले, सुईशिवाय, नुसता अंगठा दाबणे आणि सोडणे. कुत्र्याला दर पाच जणांनंतर विश्रांती दिली आणि एका मुलाचा हात घाईने मानेवर पडला तेव्हा त्याला त्या दिवसापुरते बाजूला बसवले. आमचा सहायक आधी तीन वर्षे कुत्री धरत होता. तरी या दोन तासांनंतर त्याच्या हाताखालची शीर मला पहिल्या प्रयत्नात मिळू लागली, हे मी रोजच्या कामावरून सांगू शकते.

याच शिक्षकांनी शिकवलेली दुसरी गोष्ट भाषेची आहे आणि तिच्याकडे अभ्यासक्रम आखणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. वर्गातल्या स्लाइड आणि टिपणे इंग्रजीत आहेत, परीक्षाही इंग्रजी संज्ञांवर होते, आणि पुढे औषधांची वेष्टने वाचायची असल्याने ते आवश्यकही आहे. पण जनावराचा मालक दवाखान्यात येऊन मॅस्टायटिस (कासदाह) म्हणत नाही. तो म्हणतो, कास दगडासारखी झाली आहे आणि एका सडातून गाठी येतात. वार पडली नाही, गाय उलटली (गाभ न राहता पुन्हा माजावर आली), म्हैस पान्हा चोरते, वासरू हगवणीला लागले, कुत्रा मागच्या पायांत लुळा पडला, ही वाक्ये ऐकून त्यांचा नेमका अर्थ लावणे, पुढचा योग्य प्रश्न विचारणे आणि डॉक्टरपर्यंत ते दोन ओळींत पोहोचवणे हे सहायकाचे पहिले काम असते. सरांनी यासाठी विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या, एकाला शेतकरी आणि दुसऱ्याला सहायक केले, आणि मालक जे सांगतो त्यात न सांगितलेले काय आहे ते शोधायला लावले. किती दिवस झाले, शेवटचे खाणे केव्हा, लघवी झाली का, घरातले कुठले औषध दिले का. शेवटचा प्रश्न मांजरीच्या बाबतीत जीव वाचवणारा ठरतो, कारण माणसाला तापासाठी सर्रास देतात ती पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला विषारी असते आणि प्रेमापोटी ती देणारी माणसे माझ्याकडे दरवर्षी येतात.

पहिल्या सत्रातला सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते शस्त्रक्रियेनंतरच्या नोंदींचा आहे. तो एक तरुण पशुवैद्यक मॅडम शिकवतात. भुलीतून बाहेर येणाऱ्या प्राण्याचे तापमान, नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग आणि हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ, या पाच गोष्टी दर पंधरा मिनिटांनी एका छापील तक्त्यावर लिहायच्या. कुत्र्याचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते आणि हिरडीचा रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा, हे आकडे पाठ असतातच. पण मॅडमनी भर दिला तो आकडा एकटा न वाचण्यावर: आधीच्या रांगेशी तो ताडून पाहायचा आणि तीन रांगा एकाच दिशेने जात असतील तर चौथीची वाट न पाहता डॉक्टरला उठवायचे.

फेब्रुवारीत याचा प्रत्यय मला माझ्याच टेबलावर आला. चार वर्षांच्या एका लॅब्राडॉर मादीची गर्भाशय काढण्याची नेहमीची शस्त्रक्रिया मी सकाळी केली होती. ती डोके वर करून बसली होती, मी खाली दुसरे रुग्ण पाहत होते. दीडच्या सुमारास सहायक तक्ता हातात घेऊन आला आणि म्हणाला, “मॅडम, नाडी चार नोंदींत वाढतच गेली आहे, हिरड्या मघासारख्या राहिल्या नाहीत. येऊन बघता का?” तक्त्यावर नाडी ९६, १०४, १२४, १४८ अशी चढली होती, रंग परत यायला दीड सेकंदाचे तीन सेकंद झाले होते आणि तापमान ९८.६ वर उतरले होते. मी तिला पुन्हा भूल देऊन पोट उघडले; उजव्या बीजकोशाच्या रक्तवाहिनीवरची माझी गाठ सैल पडून रक्त साठत होते. गाठ पुन्हा बांधली, रक्त देण्याची वेळ आली नाही आणि तिसऱ्या दिवशी ती घरी गेली. सहायकाने आतून रक्तस्राव होतो आहे असे म्हटले नव्हते, तसे म्हणणे त्याचे काम नव्हते. त्याने जे पाहिले ते वेळेवर आणि आकड्यांत सांगितले. या एका तक्त्यासाठी मी अभ्यासक्रमाचे सगळे शुल्क आनंदाने पुन्हा भरेन.

प्रयोगशाळेचा भाग नीट आहे. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतल्यावर ती जोरात न हलवता आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी करायची, स्लाइडवर रक्ताचा थेंब ओढताना दुसऱ्या काचेचा कोन किती ठेवायचा, गोचीड तापाचे जंतू शोधायला त्या पातळ थराचा कुठला भाग पाहायचा, हे सर्व करून घेतले जाते. दोन सूक्ष्मदर्शके चोवीस जणांना अपुरी पडतात, एवढीच उणीव. ऑटोक्लेव्हचे काम, म्हणजे १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, पंधरा ते वीस मिनिटे, आणि बाहेर काढलेले पुडके ओले असेल तर ते निर्जंतुक मानायचे नाही, हेही पक्के शिकवले आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांत काय टाकायचे याची सवय मुलांना इतकी लागली आहे की आमच्या सहायकाने परत आल्यावर दवाखान्यातली डब्यांची जागाच बदलली. औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेची भेट एकाच दिवसाची होती, पण लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच का ठेवायची हे लस बनताना पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

जानेवारीनंतर मात्र अभ्यासक्रमाची दिशा बदलते, आणि ती बदलते तिथेच तो बिघडतो.

दुसऱ्या सत्राचा मोठा भाग औषधशास्त्राला दिला आहे आणि ते शंभराहून अधिक औषधांची यादी देऊन शिकवले जाते. प्रत्येक औषधापुढे कुठल्या आजारात, कुठल्या प्राण्याला, किलोमागे किती मिलिग्रॅम, असे रकाने आहेत आणि परीक्षेत तेच विचारतात. मुले रात्ररात्र पाठांतर करतात. आमच्या सहायकाला या विषयात शंभरपैकी एक्याऐंशी गुण मिळाले. त्यानंतरच्याच आठवड्यात मधुमेह असलेल्या एका कुत्र्यासाठी मी इन्शुलिन लिहून दिले आणि सिरिंज भरताना तो अडखळला. आपल्या बाजारात एका मिलिलिटरला ४० युनिटची आणि १०० युनिटची अशा दोन्ही तीव्रतेच्या इन्शुलिनच्या बाटल्या मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी. शंभर युनिटच्या बाटलीतले इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरले तर कुत्र्याला दहाऐवजी पंचवीस युनिट जातात. त्याच्या हातात तीच जोडी होती. त्याने थांबून विचारले म्हणून अनर्थ टळला, पण अभ्यासक्रमात हे एकदाही दाखवलेले नव्हते. बारा किलोच्या कुत्र्याला किलोमागे पाच मिलिग्रॅम लिहिले असेल आणि बाटलीवर एका मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम असेल तर सिरिंजमध्ये १.२ मिलिलिटर घ्यायचे, दशांश चिन्ह एक घर सरकले तर काय होईल, ही गणिते सहायकाच्या रोजच्या कामाची आहेत. औषध कुठले आणि किती हे डॉक्टरने लिहिलेले असते. ते बरोबर भरले जाणे, बरोबर प्राण्याला जाणे आणि दिल्याची वेळ लिहिली जाणे ही सहायकाची जबाबदारी असते. पाठांतराने त्याला डॉक्टरचे काम अर्धे येते आणि स्वतःचे काम अर्धे राहते.

यादीही जुनी आहे. मोठ्या जनावरांच्या वेदनाशामकांत डायक्लोफेनॅक कुठल्याही टिपेशिवाय छापले आहे. ज्या जनावराला हे औषध दिले आणि ते मेले, त्याचे मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, म्हणून पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर २००६ साली देशात बंदी आली. ही बंदी माहीत नसलेली मुले गावोगाव जाणार असतील तर हा छपाईतला किरकोळ दोष म्हणता येणार नाही. मी हे वर्गात लक्षात आणून दिले तेव्हा शिक्षकांनी लगेच मान्य केले, पण यादी त्या तुकडीला तशीच राहिली.

यामागचे खरे कारण संस्थेच्या माहितीपत्रकात आहे. त्यात अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर ‘स्वतःचा व्यवसाय’ सुरू करता येईल असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. या प्रमाणपत्राने ती परवानगी मिळत नाही, हे वर कायद्याच्या संदर्भात आलेच आहे. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते आणि त्यात वर्षभर आंतरवासिता करावी लागते; एका वर्षात कोणी ती जागा भरू शकत नाही आणि भरावी अशी अपेक्षाही ठेवू नये. मला याचा राग मुलांसाठी येतो. मावळातला एक विद्यार्थी मला सांगत होता की प्रमाणपत्र हाती येण्याच्या आधीच शेजारचे लोक रात्री-अपरात्री म्हैस अडली म्हणून बोलावू लागले आहेत, नाही म्हटले तर शिकून काय उपयोग असे ऐकावे लागते आणि हो म्हटले तर पोटात गोळा येतो. त्याला कुठे थांबायचे आणि कोणाला फोन करायचा हे शिकवायला हवे होते. अडलेल्या म्हशीजवळ डॉक्टर येईपर्यंत काय करावे आणि कशाला हात लावू नये, यावर पूर्ण वर्षात एकही तास नव्हता, आणि असा तास घ्यायला सर्वांत योग्य माणूस, ते निवृत्त पर्यवेक्षक सर, दुसऱ्या सत्रात वेळापत्रकातच नव्हते.

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. तिसऱ्या आठवड्यापासून विद्यार्थी कुत्री हाताळू लागतात, ऑक्टोबरपासून भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी केंद्रावर जातात, आणि तरी रेबीजची प्रतिबंधक लस प्रवेशाच्या वेळी सक्तीची नाही. ती घेणे चांगले, एवढा सल्ला पत्रकाच्या शेवटी आहे. हा आजार एकदा लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो आणि जे लोक रोज कुत्री हाताळतात त्यांनी आधीच लस घ्यायची असते. त्या तुकडीतल्या एका मुलीला केंद्रावर चावा बसला. तिथल्या लोकांनी जखम पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतली आणि तिला ताबडतोब लशीसाठी पाठवले, म्हणजे नंतरचे सगळे नीट झाले. पण आधी लस झालेली असती तर तिच्यावरचे उपचार सोपे झाले असते, आणि तिच्या घरच्यांचे ते काही आठवडे ज्या भीतीत गेले ते टळले असते. शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याच्या हातात जनावर देण्याआधी त्याचा हात सुरक्षित केला पाहिजे.

मांजरींबाबत अभ्यासक्रम मागे राहिला आहे. अजूनही मानेची कातडी पकडून उचलणे ही पहिली पद्धत म्हणून शिकवतात. मांजर घाबरलेली असते, तिला आणखी घाबरवून काम होत नाही. मांजर ज्यातून आणतात त्या पेटीचे वरचे झाकण काढून ती खालच्या भागातच बसलेली असताना तपासावी, लागल्यास टॉवेलमध्ये गुंडाळून एकच पाय बाहेर काढावा, हे आता दवाखान्यांत रुळले आहे. वर्षभरात मांजरींसाठी तीनच तास होते, आणि पुण्याच्या सदनिकांत मांजरी पाळणारी कुटुंबे वाढली आहेत हे पाहता ते फारच तोकडे आहेत. दातांच्या स्वच्छतेचे प्रात्यक्षिक झाले नाही. क्ष-किरणाच्या खोलीत शिशाचा अंगरखा आणि किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला यांचे महत्त्व समजावले, पण प्राण्याला प्रतिमेसाठी योग्य स्थितीत ठेवायचा सराव प्रत्येकाला मिळाला नाही.

शेवटच्या तीन महिन्यांचे प्रत्यक्ष काम कुठल्या दवाखान्यात मिळते यावर बरेच अवलंबून आहे. काही विद्यार्थ्यांना चांगले मार्गदर्शक मिळाले, काहींना तीन महिने फक्त पिंजरे धुवायला लावले, आणि संस्थेकडून कोणी पाहणीला गेले नाही. संस्थेने प्रत्येकासाठी कौशल्यांची एक वही ठेवली आहे, तिच्यात प्रत्येक काम किती वेळा केले याची नोंद आणि देखरेख करणाऱ्याची सही असते. ती वही उत्तम आहे, फक्त तिच्या सह्या कोणीतरी तपासल्या पाहिजेत. प्रवेश घेणाऱ्याने आणि विद्यार्थ्याला पाठवणाऱ्या डॉक्टरने आधीच्या तुकडीची अशी एखादी वही मागून पाहावी. संस्था दाखवते, मी पाहिली आहे. वर्गाच्या जागेपासून जवळच बसथांबा आहे, पण मुळशीकडे जाणाऱ्या मुलांना रात्री साडेआठनंतर बस मिळायला त्रास होतो, हेही विचारात घ्यावे.

आधीपासून एखाद्या दवाखान्यात किंवा गोठ्यावर काम करणाऱ्याने हा अभ्यासक्रम जरूर करावा, असे मी म्हणेन. पहिले सहा महिने त्याला खूप देतील आणि दुसऱ्या सत्रातली उणीव त्याचा डॉक्टर रोजच्या कामात भरून काढू शकेल. ज्याच्या पाठीशी असा डॉक्टर नाही आणि जो पत्रकातले ठळक शब्द वाचून येतो आहे, त्याने निदान कायद्यातली मर्यादा समजून घेऊन मगच पहिला हप्ता भरावा.

मी लेखी पाठवलेल्या सूचनांपैकी एकीचे उत्तर गेल्या आठवड्यात आले: पुढच्या तुकडीपासून रेबीजच्या लशीचा दाखला असल्याशिवाय कोणालाही प्रात्यक्षिकाला बसू दिले जाणार नाही. माहितीपत्रक आणि औषधांची यादी यांबद्दल अजून काही कळलेले नाही. आमच्याकडे स्वागतकक्षात बसणारी मुलगी या जुलैत प्रवेश घेणार आहे. तिची लस मी आधीच सुरू केली आहे, आणि इन्शुलिनच्या दोन्ही सिरिंज आमचा सहायक तिला रोज दुपारी रिकाम्या वेळेत साध्या पाण्याने भरायला लावतो.